कळतं पण वळत नाही: लैंगिक धोके आणि नकळत चालणारं मन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: सगळं माहीत होतं, तरी असं कसं झालं? एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावगाव काढलंय. ज्यांच्या बाबतीत काल-परवाच काही घडलंय, त्यांनी बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १२ वाचावा.

१. मन 'नकळत' ठरवतं म्हणजे नक्की काय? हे फ्रॉइडचं अबोध मन का?

नाही. फ्रॉइडच्या अबोध मनात दडपलेल्या इच्छा असतात, लहानपणचे सल असतात. आपण इथे त्याहून बऱ्याच साध्या आणि रोजच्या गोष्टीबद्दल बोलतोय. रोजच्या रस्त्याने गाडी चालवताना गिअर कधी बदलला ते आठवत नाही, तरी तो बदललेला असतो. सवय, ओढ, भीती, समोरच्याच्या चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज, हे सगळं तसंच चालतं: झटपट आणि आपल्याला न विचारता. फ्रिट्झ श्ट्राक आणि रोलांट डॉइच या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली याची नीट मांडणी केली. त्यांच्या मते वागणं दोन वाटांनी ठरतं, एक विचाराची आणि एक आवेगाची. विचाराच्या वाटेला वेळ, शांतता आणि शुद्ध लागते. बेडरूममध्ये या तिन्हींची टंचाई असते.

२. मला एचआयव्ही, गुप्तरोग, गर्भधारणा सगळ्याची माहिती आहे. तरी ऐन वेळी कंडोम वापरला नाही. मी मूर्ख आहे का?

मूर्ख नाही. माहिती डोक्यात शांतपणे साठवलेली असते आणि निर्णय भलत्याच अवस्थेत घ्यायचा असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी या दरीचा बराच अभ्यास केला. शांत असताना आपण तापलेल्या अवस्थेत कसे वागू, याचा आपला अंदाज साफ चुकतो, हे त्यांचं म्हणणं.

त्यांनी आणि डॅन एरिएली यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बराच गाजला. बर्कलीच्या विद्यापीठातल्या काही मुलांना लॅपटॉपवर प्रश्नावली दिली. काहींनी ती एरवीसारखी भरली, काहींनी उत्तेजित अवस्थेत. एक प्रश्न मला फार बोलका वाटतो: कंडोम आणायला गेलात आणि तेवढ्यात तिचं मन बदललं तर, अशी धास्ती असतानाही तुम्ही कंडोम वापराल का? शांत मुलं बहुतेक 'हो' म्हणाली. उत्तेजित अवस्थेत त्या 'हो'मधला जोर लक्षणीय कमी झाला. दोघांकडे माहिती तीच होती. फरक एवढाच, की एकाला पुढचं वर्ष दिसत होतं आणि दुसऱ्याला पुढची पाच मिनिटं.

म्हणून 'जनजागृती करा, माहिती द्या' हा आपल्याकडचा ठरलेला उपाय अर्धाच आहे. माहिती हवीच, पण ती ऐन वेळी हाताशी येईल अशी सोय आधी करावी लागते. ती कशी, ते प्रश्न १० मध्ये.

३. पण मी स्वभावाने सावध आहे. हे इतरांच्या बाबतीत होत असेल.

हेच वाक्य जवळपास सगळे म्हणतात. नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली कॉलेजातल्या मुलांना विचारलं, की तुमच्या बाबतीत अमुक वाईट गोष्ट घडण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती? सरासरीने मुलं म्हणाली, आमची कमी. सगळेच सरासरीपेक्षा सुरक्षित कसे असतील? हा भाबडा आशावाद मुद्दाम केलेला नसतो, म्हणूनच तो पकडता येत नाही.

४. तो चांगल्या घरातला आहे, आम्ही एकमेकांना नीट ओळखतो. तरी कंडोम लागतो का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा नकळत नियमही हाच: ओळखीचा म्हणजे सुरक्षित.

१९९२ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींशी बोलून केलेला एक अभ्यास आहे. जोडीदार 'धोक्याचा' आहे की नाही, हे ही मुलं कशावरून ठरवत होती? तो किती आवडतो, किती ओळखीचा आहे, कपडे कसे घालतो, कुठे भेटला, यावरून. यातल्या एकाही गोष्टीचा विषाणूशी काडीचा संबंध नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅथ्यू जॉन्सन यांनी लोकांना अनोळखी व्यक्तींचे फोटो दाखवले आणि विचारलं, कंडोम आत्ता नाही, थोडं थांबलात तर मिळेल, थांबाल का? जो चेहरा जास्त आवडला किंवा 'याला काही आजार नसणार' असा वाटला, त्याच्यासाठी थांबायची तयारी कमी दिसली. फोटोवरून!

आपल्याकडे मुंबईकरांना यावरून एक जुनं होर्डिंग आठवेल. 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' २००२ च्या अखेरीस लागलेल्या त्या फलकांनी शहरात कुजबुज उडवून दिली होती. हा बलबीर काल्पनिक. पण त्याच्या तोंडची कारणं खरी होती: प्यायला की कंडोम विसरतो, एकाच बाईकडे, मंजुलाकडेच जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो, समोरची व्यक्ती दिसायला ठणठणीत आहे म्हणून निर्धास्त असतो. मोहीम करणाऱ्यांनी माहितीची पोपटपंची न करता नेमक्या या समजुतींवर बोट ठेवलं. त्या फलकांमध्ये बाईकडेच रोगाचं मूळ म्हणून पाहिलं जातं, अशी टीकाही झाली आणि ती मला पटते. पण मानसशास्त्र अचूक होतं.

देहविक्री करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे फार ठळक दिसतं. गिऱ्हाइकाला कंडोमशिवाय हात लावू न देणारी बाई 'मालका'सोबत, म्हणजे तिच्या कायमच्या माणसासोबत, बहुतेकदा कंडोम वापरत नाही. तिला धोका कळत नाही असं नाही, ती दिवसभर तोच टाळते. पण कंडोम हा धंद्याचा आणि तो नसणं हा प्रेमाचा, अशी मनात वाटणी झालेली असते. आता हेच नोकरदार मुलामुलींना लावून पाहा. ॲपवर आठ दिवस गप्पा झाल्या, आवडतं गाणं, आईचं नाव, गावाकडचं घर सगळं कळलं. तपासणी कधी केली होती, तेवढं सोडून.

एचआयव्हीची लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. क्लॅमिडियासारख्या संसर्गात, विशेषतः बायकांमध्ये, अनेकदा कुठलंच लक्षण नसतं. चेहरा वाचून काही कळत नाही. दोघांनी तपासणी केली, रिपोर्ट एकमेकांना दाखवले आणि मग ठरवलं, तर तो खरा निर्णय.

५. दारू प्यायल्यावर माणूस बेफिकीर होतो, एवढंच ना?

गंमत अशी, की एवढंच नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० साली मांडलेली कल्पना अशी: दारूने नजर अरुंद होते. जे समोर आहे आणि ठसठशीत आहे तेवढंच दिसतं, बाकीचं धूसर होतं. समोर माणूस आहे, ओढ आहे. संसर्ग, पाळी चुकणं, घरचे हे सगळं लांब आहे. टारा मॅकडोनल्ड यांच्या प्रयोगांत प्यायलेल्या मुलांनाही कंडोमशिवाय संबंध मूर्खपणाचे वाटत होते, तरी आपण तसं करू असं म्हणण्याकडे त्यांचा कल शुद्धीतल्या मुलांपेक्षा जास्त होता.

पण नजर अरुंदच होत असेल, तर समोर इशारा ठेवला तर? मॅकडोनल्ड यांच्या गटाने बारमध्ये आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले. काहींच्या हातावर हसरा चेहरा, काहींच्या हातावर 'एड्स जीव घेतो' अशा अर्थाची ओळ. ही ओळ हातावर असलेले प्यायलेले लोक उलट जास्त सावध निघाले. म्हणजे दारू फक्त बेफिकीर करत नाही. समोर जे असेल त्याच्या ताब्यात देते. यावरून 'चला, मग प्यायला हरकत नाही' असा अर्थ कृपया काढू नका. पार्टीला कोणी हातावर शिक्का मारून घेत नाही.

६. हे सगळं पुरुषांचंच का?

बर्कलीचा प्रयोग पुरुषांवर झाला होता, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात २०१२ साली बायकांसोबत एक प्रयोग झाला. कामुक फिल्म पाहिलेल्या बायकांना किळसवाण्या गोष्टी कमी किळसवाण्या वाटल्या आणि अशा जास्त गोष्टी करायला त्या तयार झाल्या. किळस ही शरीराची आजारापासून दूर राहायची जुनी सोय आहे आणि उत्तेजित अवस्थेत ती मवाळ होते. मात्र बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी मनाच्या आत नसून बाहेर असते. तिच्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

७. कंडोमचं नाव काढलं की समोरच्याला वाटतं आपण त्याच्यावर संशय घेतोय, किंवा आपलंच काहीतरी आहे. काय करायचं?

हा संशय कोणी बोलून दाखवत नाही, पण दोघांच्याही मनात तो त्याच क्षणी येतो. कंडोम म्हणजे अविश्वास, ही जोडी आपल्या मनात फार लहानपणापासून बसते. दुकानातच पाहा. मेडिकलसमोर दोन गिऱ्हाइकं उभी असली की कंडोम घ्यायला आलेला बाजूला सरकतो, उगाच क्रोसिन मागतो, काउंटर रिकामं झालं की हळूच ब्रँडचं नाव. मेडिकलवालाही न सांगता पाकीट कागदात गुंडाळून देतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली, कागद काही सुटला नाही.

२००८ साली बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टने भारतात मोबाइलची एक रिंगटोन काढली होती, ज्यात 'कंडोम, कंडोम' एवढाच शब्द समूहस्वरात गायला होता. अनेकांना तो पोरकटपणा वाटला. मला ती हुशारी वाटते. शब्द इतक्या वेळा कानावर पडावा की त्याचा चटका निघून जावा, हे काम भाषणाने होत नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखं एकच सांगतो. विषय आधी काढा, कपडे अंगावर असताना, चहा पिताना. आणि 'तू सुरक्षित आहेस का' असं विचारू नका, 'मी नेहमी वापरतो' किंवा 'मी नेहमी वापरते' असं स्वतःबद्दल सांगा. सवय सांगितली की आरोप उरत नाही. कंडोम ऑनलाइनही मिळतात, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

८. माझं ऑपरेशन झालंय किंवा तांबी बसवली आहे. आता कशाला कंडोम?

मूल नको एवढाच हेतू असेल तर नको. पण मन इथे एक हातचलाखी करतं. दोन धोके असतात, गर्भ आणि संसर्ग. त्यातला मोठ्याने बोलला जाणारा धोका टळला की मन दोन्हींच्या खात्यावर 'मिटलं' असा शिक्का मारतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून होत्या, कंडोमवर ९.५ टक्के. पुरुषनसबंदी ०.३ टक्के. म्हणजे बहुतेक घरांत कंडोमकडे पाळणा लांबवायचं साधन म्हणून पाहिलं जातं आणि ऑपरेशन झालं की ते साधन घरातून जातं.

'दुसऱ्या दिवशीची गोळी' घेणाऱ्यांचंही तेच. ती गोळी कुठलाही संसर्ग रोखत नाही.

९. तपासणी करायची ठरवतो, पण पाय उचलत नाही. आळस आहे का हा?

आळस वाटतो, पण आत भीती असते. रिपोर्ट हातात नाही तोवर आपण निगेटिव्हच, असा मनाचा हिशोब चालतो. मग कामं निघतात, सुट्टी मिळत नाही, 'पुढच्या महिन्यात' होतं. ही टाळाटाळ सगळ्यात जास्त नडते, कारण आज एचआयव्हीवर औषध आहे आणि लवकर सुरू केलं तर माणूस जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतो. २०१७ पासून आपल्याकडे निदान झालं की लगेच मोफत उपचार सुरू करायचं धोरण आहे.

सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करणं आणि निकाल फोडणं या दोन्हींना मनाई आहे. इतर लैंगिक संसर्गांसाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. जायचं धाडस होत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आधी बोला. लागणीनंतरचे सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत एचआयव्ही दिसत नाही, म्हणून समुपदेशक पुन्हा बोलावतात. तेव्हा जा. पहिल्या निगेटिव्हवर बरेच जण गायब होतात.

१०. मनच नकळत ठरवत असेल तर आपल्या हातात काय उरलं?

बरंच. ऐन वेळच्या मनाशी भांडायचं नाही, त्याच्या आधी पोचायचं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्झर यांनी १९९९ साली एक साधी गोष्ट दाखवली. 'मी सुरक्षित राहीन' असा मोघम निश्चय फारसा टिकत नाही. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलं तर टिकतो, कारण प्रसंग आला की कृती आपोआप आठवते. म्हणजे आपोआप चालणाऱ्या मनालाच कामाला लावायचं. उदाहरणार्थ: 'रूमवर जायची गोष्ट निघाली की मी आधी बॅगेचा पुढचा कप्पा बघेन. तिथे नसेल तर रस्त्यातल्या मेडिकलवर थांबेन.' हे वाक्य लिहून काढा, हसू आलं तरी.

दुसरं, अंतर कमी करा. प्रश्न ४ मधल्या प्रयोगात थांबायची वेळ आली की माणसं डळमळत होती. कंडोम हात लांबवल्यावर मिळाला पाहिजे. पैशाच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका, उष्णतेने आणि घासून तो खराब होतो.

तिसरा उपाय जरा टोचणारा आहे. १९९४ साली जेफ स्टोन, इलियट ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यासमोर 'कंडोम वापरा' असं भाषण करायला लावलं आणि मग स्वतः कधी वापरला नव्हता ते प्रसंग आठवायला सांगितले. नंतर कंडोम विकत घेण्याची संधी दिली, तेव्हा याच गटातल्या सर्वाधिक जणांनी ते घेतले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे स्वतःला दिसलं की माणूस हलतो. मित्राला सल्ला देण्याआधी आपली शेवटची वेळ आठवून पाहा.

११. असे मानसशास्त्रीय प्रयोग नंतर खोटे ठरतात म्हणे. यांच्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

सरसकट ठेवू नका. २०१२ साली नामवंत मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनीच नकळत संकेतांवर संशोधन करणाऱ्यांना पत्र लिहून इशारा दिला होता, की तुमचे निकाल पुन्हा तपासून दाखवा. 'मनोबळ वापरून वापरून संपतं' ही गाजलेली कल्पना २०१६ च्या अनेक प्रयोगशाळांतल्या चाचणीत टिकली नाही. वर दिलेल्यांपैकी बर्कलीचा प्रयोग लहान होता, शिवाय बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर झाले आहेत आणि 'काय कराल' हे विचारतात, 'काय केलंत' हे क्वचितच. म्हणून एखाद्या प्रयोगाच्या आकड्याला धरून बसू नका. दारू आणि उत्तेजनेचा निर्णयावर परिणाम होतो, 'जर-तर' ठरवल्याने फायदा होतो, या गोष्टी मात्र अनेकांच्या अभ्यासांत पुन्हा दिसल्या आहेत.

१२. काल रात्री कंडोमशिवाय संबंध आले, किंवा कंडोम फाटला. आता काय?

आज जा, उद्या नको. एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयाच्या एआरटी सेंटरला (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) किंवा रात्री कॅज्युअल्टीला विचारा. औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. हिपॅटायटिस बीच्या लशीबद्दलही विचारा. गर्भधारणेची भीती असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, शक्य तितकी लवकर घ्या. जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत.

'बघू, काही होणार नाही' असं मनात आलं, तर प्रश्न ३ आठवा.

१३. मला सगळं कळतं, पण नवरा ऐकत नाही. यात माझ्या मनाचा काय दोष?

काहीही नाही. हे पान मनाबद्दल असलं तरी प्रत्येक धोका मनात तयार होत नाही. कंडोमचा आग्रह धरला की मार खावा लागत असेल किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर तिथे नकळत काही नाही, सगळं उघड आहे. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून काम सुरू केलं ते देहविक्री करणाऱ्या बायकांनाच पुढे करून. एकटी बाई गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणाली तर तो शेजारच्या खोलीत जातो. सगळ्या म्हणाल्या तर त्याला कुठे जायला जागा उरत नाही. लग्नातल्या बाईला अशी वस्ती पाठीशी नसते, म्हणून तिचं जास्त अवघड. समुपदेशकाला एकटीने भेटता येतं, आणि तपासणीला नवऱ्याची परवानगी लागत नाही.

१४. मन नकळत ठरवतं म्हणजे माणसाची जबाबदारी संपली?

नाही. आपल्याला काय होतं हे कळल्यानंतर आधी तयारी न करणं, हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो. आणि कंडोमची अट घालून होकार मिळाला असताना तो गुपचूप काढून टाकणं याला आवेग म्हणत नाहीत. ती फसवणूक आहे.

१५. माझं उलटं आहे. एकदाच, तेही कंडोम वापरून संबंध आले. चार वेळा निगेटिव्ह रिपोर्ट आला, तरी भीती जात नाही.

नकळत चालणारं मन धोका कमी दाखवतं तसं वाढवूनही दाखवतं. अशा पत्रांत बहुतेकदा विषाणूपेक्षा अपराधीपणाचा भाग मोठा असतो. लग्नाबाहेर संबंध आले, किंवा पुरुषाचे पुरुषाशी आले, मग शिक्षा झालीच पाहिजे असं आत कुठेतरी वाटत राहतं. ठरलेल्या मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर पाचवी चाचणी ही भीती घालवणार नाही. इथे लॅबपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचा उपयोग जास्त.

हीच वाढीव भीती एचआयव्ही असलेल्या जोडीदाराच्या वाट्याला येते. वेगळं ताट, वेगळा टॉवेल, डासांची धास्ती. यातल्या कशानेच एचआयव्ही पसरत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात एकाला लागण असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या शेकडो जोडप्यांवर लक्ष ठेवलं होतं. २०१६ साली निकाल आला: नियमित औषधाने ज्यांच्या रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण दर मिलिलिटरमागे २०० च्या खाली होतं, त्यांच्याकडून कंडोमशिवायच्या संबंधांतूनही जोडीदाराला एकही लागण झाली नाही. म्हणजे औषध नीट घेणारा, रिपोर्ट दाखवणारा पॉझिटिव्ह जोडीदार एचआयव्हीच्या बाबतीत त्या 'चांगल्या घरातल्या', कधीच तपासणी न केलेल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरतो. विषाणूंचं प्रमाण मोजायची तारीख चुकवायची नाही, आणि बाकीच्या संसर्गांसाठी कंडोम लागतोच.